उसवलेली शिवण आणि पुसलेलं पान

"माफ करा, मी बहुतेक चुकीच्या दुकानात आलो," असं म्हणून तो दारातूनच मागे वळला आणि ठकूचे कान तापले.

असं म्हणून मागे वळणारा तो काही पहिला नव्हता.

त्याच्या फोनवर काय दिसत असेल ते तिला पाठ होतं. काचेच्या भिंती, छताला झुंबर, उंच टाचांचे जोडे घालून हसणाऱ्या मुली. वर दुकानाचं नाव, खाली दुकानाचा पत्ता. आणि प्रत्यक्षात होती गल्लीतली एक लांबट, अरुंद खोली. एका भिंतीवर लाकडी कलबुतांच्या रांगा. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. त्यावर चामडं ताणून जोडा बांधतात. खिडकीखाली बाबांचं बसकं स्टूल, शेजारी चामड्याला भोक पाडायची आरी आणि मेण लावलेला दोरा. आणि सगळीकडे चामड्याचा, खळीचा वास.

"दुकान हेच आहे," ती कशीबशी म्हणाली. "ते... ते चित्र चुकीचं आहे."

तो थांबला. फोनकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हसला असता तर तिला निदान राग तरी आला असता. पण तो हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि आत आला.

आत येतानाचा आवाज ठकूने ऐकला. उजवं पाऊल गप्प, डावं मात्र टप्प. उजवं गप्प, डावं टप्प.

"बसा. डाव्या पायात दोन मोजे घालता ना?"

आता कान तापायची पाळी त्याची होती. त्याने डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढला.

"कसं कळलं?"

"जोडा सैल असला की बोलतो. आमच्याकडे सगळे असेच येतात. एक पाय लांब, एक आखूड. एक रुंद, एक निमुळता. आमचं कामच ते आहे... दोन वेगळ्या पायांना दोन वेगळे जोडे."

"शाळेपासून हा पाय मी बाकाखाली लपवत आलोय," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"इथे नका लपवू. इथे तोच मुख्य पाहुणा."

बाबा खिडकीशी टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांची मिशी हलली. बाबा असेच हसायचे.

ठकूने कागद पसरला, त्याचा पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिल पायाच्या कडेकडेने फिरवली. त्याला गुदगुल्या होत असाव्यात. तो ओठ चावून छताकडे बघत राहिला. माप झालं, तशी तिने घाईने पेन्सिल कानामागे खोचली.

"तुम्ही माझं लपवलेलं पाहिलंत," तो मोजे चढवत म्हणाला. "मी तुमचं पाहू?"

"म्हणजे?"

त्याने फोन पुढे केला. झुंबर लखलखलं. "मी वेबसाइटच बनवतो. म्हणून विचारतो... ही कोणी केली?"

ठकूला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन अशी वेळेवर कधी दुभंगत नाही. तिने सांगितलं. दाजींचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, एक मित्र होता. बोलायला गोड, कपड्यांनी झकपक. त्याने झुंबर दाखवलं आणि ती भुलली. या खोलीची तिला तेव्हा लाज वाटायची. खोटं तर खोटं, पण जगाला आपलं दुकान असं दिसेल, या विचाराने तिला बरं वाटलं होतं. बाबांनी ते पाहून फक्त विचारलं होतं, "यात मी कुठे आहे?"

"मग बदलून का नाही घेतलीत?"

"तो फोन उचलत नाही."

"वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आहे?"

"दुकानाच्या."

"तसं नाही. नोंद कोणाच्या नावावर? दुकानाची पाटी तुमची, पण ती ज्या भिंतीवर ठोकलीय ती भिंत कोणाची?"

हे विचारायचं असतं हेच ठकूला माहीत नव्हतं.

"त्याच्या नावावर," तो फोनवर नोंद बघून हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या हाती किल्ली आहे, तुमच्या हाती नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक असेच फसून येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"तुम्हीच करून द्या मग आम्हाला."

"लगेच नको. मागच्या वेळीही असंच लगेच दिलंत ना?"

एरवी असा टोमणा तिने ऐकून घेतला नसता. पण तो खरा होता. ती म्हणाली, "दुधाने तोंड पोळलंय, आता ताक फुंकून पितेय. सांगा, कसं फुंकायचं?"

या वेळी मात्र तो हसला. हसताना त्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा जरा जास्त वर जायचा. पायांसारखंच, ठकूच्या मनात आलं, आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

"मी ज्यांची कामं केलीत त्यांना फोन करा. मी नसताना. चांगलं काय ते विचारू नका, ते सगळेच सांगतात. अडचण आली तेव्हा मी काय केलं ते विचारा. आणि आता त्यांच्या वेबसाइटची किल्ली कोणाकडे आहे, तेही."

तिने फोन केले. पावाच्या भट्टीची मालकीण म्हणाली, "काम चोख. सगळं मला शिकवलं आणि गेला. पुन्हा बोलवायची वेळच आली नाही." घड्याळं दुरुस्त करणारे आजोबाही तेच म्हणाले, "पुन्हा बोलवायची वेळच आली नाही हो." शिवणवर्गाच्या बाईंनी वर पुस्ती जोडली, "इतका चांगला मुलगा, पण नंतर कधी फिरकला नाही. गरजच नाही ना."

ठकूला ते ऐकून फार समाधान वाटलं. त्याच वाक्याने पुढे आपली झोप उडणार आहे, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

*

तो दुपारचा येऊ लागला. बाबांच्या शेजारी एका खोक्यावर बसायचा आणि नुसता बघायचा. बाबा टाका कसा घालतात, माप द्यायला आलेली माणसं दारात कशी घुटमळतात, जोडा पायात गेल्यावर त्यांचा चेहरा कसा सैल पडतो.

"नुसतं बघायचंच काम असतं होय तुमचं?" आत्याने विचारलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जोड्यांना अस्तर लावायचं काम तिचं, आणि सगळ्यांना टोकायचंही.

"बघितल्याशिवाय काय दाखवणार, आत्या?"

"ऐकलंस का ठकू, बोलणं बघ. मास्तर आहे मास्तर."

तेव्हापासून तो मास्तरच झाला.

फोटो काढायच्या दिवशी ठकूने सगळी खोली घासूनपुसून काढली. बाबांच्या स्टुलाजवळ खळीचा जुना, काळा डाग होता. त्यावर तिने चटई टाकली. मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"चटई काढा."

"तिथे डाग आहे."

"म्हणूनच. तुमचे बाबा तिथे किती वर्षं बसलेत, ते त्या डागाइतकं सरळ मी लिहून सांगू शकणार नाही."

तिने चटई काढली. डागाची लाज वाटत होती ती गेली. तिच्या जागी आपल्याला डागाची लाज वाटली याचीच लाज आली. ही दुसरी लाज जास्त बोचते.

नव्या वेबसाइटवर झुंबर नव्हतं. पहिल्याच पानावर बाबांचे हात होते. 'यात मी कुठे आहे' या प्रश्नाला अखेर उत्तर मिळालं. वेबसाइटचं नाव नवं घेतलं, तेही ठकूच्या नावावर. जुनी वेबसाइट दाजींनी मित्राच्या दारात ठाण मांडून बंद करून घेतली. आणि एक पान खास होतं. लांब राहणाऱ्या माणसाने कागदावर पाय ठेवायचा, कडेने रेघ काढायची आणि त्याचा फोटो पाठवायचा. त्याला सगळे 'पायाचं पान' म्हणू लागले. दुकानाच्या दारात उभं राहायचाही ज्यांना संकोच, ती माणसं त्या पानावरून येऊ लागली.

"आता हे तुम्ही बदला," मास्तर लॅपटॉप तिच्याकडे सरकवून म्हणायचे.

"बिघडलं तर?"

"बिघडू द्या. मग दुरुस्त करायला शिकाल. पुसलेलं पान परत कसं आणायचं, ते दाखवलंय मी."

"तुम्ही शेजारी बसल्यावर मला सुचत नाही."

"मी उठून तिकडे बसू?"

"...नको."

तो बसून राही. तिची बोटं कळफलकावर अडखळत. आत्या अस्तर कापता कापता गाणं गुणगुणायला लागे, आणि आत्या गुणगुणायला लागली की समजावं, तिला सगळं समजलंय.

तिकडे त्याच्या जोड्यांचंही काम चाललं होतं. उजवा बाबांनी केला. डावा ठकूने मागून घेतला. त्याच्या डाव्या पायाची करंगळी थोडी आत वळलेली होती. तिथे तिने चामडं तासून इतकं मऊ केलं, इतकं मऊ, की बाबा म्हणाले, "आता त्यातून पाय दिसायला लागेल."

काम संपलं, आणि दुर्दैव असं की दोन्ही कामं एकाच दिवशी संपली.

"आता पासवर्ड बदला," मास्तर म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिने बदलला. "झालं? आता मलाही आत येता येणार नाही. किल्ली फक्त तुमची."

मग त्याने जोडे घातले आणि खोलीत चालून पाहिलं. उजवं गप्प. डावंही गप्प. त्याचे डोळे भरून आले की काय, हे तिला नीट दिसलं नाही, कारण ती खाली बघत होती.

"कुठेच लागत नाही," तो म्हणाला.

"लागणार नाही. शिवणही पक्की आहे. पुन्हा यायची... वेळच येणार नाही."

"हो का," तो म्हणाला. थोडा वेळ दारात उभा राहिला. मग गेला, आणि त्याच्या जाण्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आत्याने कात्री खाली ठेवली. "कामात इतकं चोख असू नये माणसाने," ती म्हणाली.

*

मेली वेबसाइट एकदाही बिघडेना. ठकू सकाळी उठून आशेने बघायची. बाबांचे हात जागच्या जागी, पायाचं पान जागच्या जागी. शिवणवर्गाच्या बाईंचं वाक्य तिच्या डोक्यात घोळायचं. नंतर कधी फिरकला नाही... गरजच नाही ना.

सहज फोन करावा? पण सहज म्हणजे काय म्हणून? 'काय करताय' विचारायला फोन करणाऱ्यातली ती नव्हती. तिला कारण लागत होतं.

म्हणून एका सकाळी तिने कारण तयार केलं. पायाचं पान पुसून टाकलं. मग फोन लावला. आवाज जमेल तितका कामाचा ठेवला.

"मास्तर, काहीतरी बिघडलंय. पान दिसत नाही."

पलीकडून घाईघाईने उत्तर आलं, "येतो. आज नाही जमणार, उद्या येतो. मला... मला तसंही यायचंच होतं."

दिवसभर ठकू उगाचच कलबुतं पुसत राहिली. आत्या गुणगुणत राहिली.

संध्याकाळी दुकानाचा फोन वाजला. कुणी बाई होत्या. आवाज अगदी बारीक.

"ताई, ते पाय पाठवायचं पान मला सापडत नाही. माझंच चुकत असेल. मला यातलं फार कळत नाही. किती दिवस मनाचा हिय्या करत होते, आज कागदावर पाय काढला... आणि पान नाही. म्हटलं, नकोच. माझा पाय कुणी बघू नये असंच असेल."

ठकूने हातातलं कलबूत खाली ठेवलं.

"तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "चूक आमची आहे. माझी. थोडा वेळ थांबा, पान परत येईल. आणि पाय नक्की पाठवा. मी स्वतः तुमचा जोडा करीन."

फोन ठेवून ती लॅपटॉपशी बसली. पान परत आणायला तिला काहीच वेळ लागला नाही. तिला तसं शिकवलंच होतं. बाईंच्या पायाचा फोटो आला. कागदावर थरथरत्या रेघेने काढलेला पाय. ठकू त्या रेघेकडे बघत बसली आणि तिला वर मान करवेना. ज्या माणसांना आपल्या पायाची लाज वाटते त्यांच्यासाठी बाबांनी हे दुकान उघडलं. आणि तिने स्वतःच्या हौसेपायी त्यातल्याच एकीला दारातून मागे फिरवलं होतं. 'चुकीच्या दुकानात आलो' म्हणणाऱ्यांसारखं.

"आपोआप गेलं, आपोआप आलं, असं सांग," आत्याने सुचवलं. "यंत्रांचा काय भरवसा."

"यंत्राचा आहे, आत्या," ठकू म्हणाली. "माझाच राहिला नाही."

*

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. डावं पाऊल टप्प वाजत होतं, पण ठकूचं तिकडे लक्ष नव्हतं. बाबा खिडकीशी होते, आत्या अस्तराशी. त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे परीक्षाच. पण चूक दुकानाची झाली होती, तेव्हा कबुलीही दुकानातच द्यायला हवी होती.

त्याने लॅपटॉप उघडला. "पान तर दिसतंय की."

"मी परत आणलं."

"वा. मग गेलं कसं होतं, कळलं?"

"मी पुसलं होतं."

"चुकून?"

"नाही." तिने कामाच्या अंगरख्याची कड बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "तुम्ही यावं म्हणून. दुसरं कारण सुचलं नाही. आणि त्या वेळात एका बाईला वाटलं, की तिचा पाय आम्हाला नको आहे. तुम्ही माझ्या हातात किल्ली दिलीत आणि मी हे केलं. तुम्ही फसवलं नाहीत, मीच... आता तुम्ही गेलात तरी मी काही म्हणणार नाही."

त्याने लॅपटॉप मिटला आणि तो उठला. ठकूने डोळे मिटून घेतले. उजवं गप्प, डावं टप्प... पावलं दाराकडे जातील असं तिला वाटलं. पण ती खिडकीकडे गेली.

तिने डोळे उघडले तेव्हा तो बाबांच्या समोर खाली बसून डावा जोडा काढत होता.

"शिवण उसवली," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद होते.

बाबांनी जोडा उजेडात धरला. शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"झिजून उसवली की दोऱ्याला तूस सुटतं," ते शांतपणे म्हणाले. "हा दोरा सरळ कापलाय. ब्लेडने."

आत्याचं गुणगुणणं थांबलं.

"जोडे फारच चांगले झाले होते," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "कुठेच लागेनात. मी रोज वाट बघायचो, कुठेतरी लागेल म्हणून. मग परवा... तुमच्या दुकानाचा टाका मीच कापला, बाबा. आजवर मी कुणाच्या चांगल्या कामाला असा हात लावला नव्हता. फोन आला तेव्हा मी घरी हा जोडा समोर घेऊनच बसलो होतो. आणायचा धीर होत नव्हता."

ठकूने तोंडावर हात ठेवला. हसू येत होतं की रडू, तिचं तिला कळेना. ती जवळ आली, जोडा हातात घेतला. कापलेला टाका नेमका तिचाच होता, करंगळीजवळचा.

"परवा?" तिने विचारलं.

"परवा."

"म्हणजे तुम्ही माझ्या आधी."

"हो."

"आणि विश्वासाच्या गोष्टी मला सांगत होतात."

"ते सगळं खरं होतं," तो म्हणाला. "फक्त त्यात माझं मन हिशेबात धरलं नव्हतं."

बाबांची मिशी हलली. त्यांनी आरी, सुई आणि मेण लावलेला दोरा लेकीपुढे ठेवला आणि, "ताई, जरा आतलं चामडं बघायचंय, चल," असं म्हणून उठले. आतमध्ये चामडं वगैरे काही नव्हतं, फक्त पाण्याचा माठ होता. आत्या तरी गेली.

तो अजून खालीच बसला होता, एक पाय जोड्यात, एक नुसत्या मोज्यात. एकच मोजा.

"शिवून देता?" त्याने विचारलं.

"नाही." ती त्याच्या शेजारी खोक्यावर बसली आणि आरी त्याच्या हातात दिली. "तुमची तुम्हाला शिवता आली पाहिजे. मी शिकवीन. दुकानाचा नवा नियम आहे."

"शिकायला किती दिवस लागतील?"

"हुशार असाल तर पटकन जमेल."

त्याने आरी उलटी धरली. मुद्दाम धरली हे कुणालाही कळलं असतं. मग तिच्याकडे बघून, पहिल्यांदाच 'तुम्ही' न म्हणता, तो म्हणाला,

"तुला खरं सांगू? मी फार मठ्ठ आहे..."

ठकूने त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि आरी सरळ केली. तिचे कान तापले होते. पण या वेळी तिने मान खाली घातली नाही.